टीप क्रमांक त्रेसष्ट

तळटिपांतल्या तारखा बदलायचं काम सोपं होतं, म्हणून शिल्पाने ते लेकीच्या, भूमिकाच्या, दुपारच्या झोपेसाठी राखून ठेवलं होतं. अवघड कामं, म्हणजे निकालपत्रांची नावं तिरप्या अक्षरांत करणं, खंड आणि पान ताडून पाहणं, न्यायालयाचं नाव कंसात घालणं, ही ती सकाळी नवरा किरण सावद्याला केळीच्या पॅकिंगवर निघून गेला की पोर उठायच्या आत उरकायची. तारखांना डोकं लागत नाही. नियतकालिकाच्या चार पानी नियमावलीत लिहिलं होतं, महिना आकड्यात नको, अक्षरात हवा. प्रशीलने सगळीकडे आकडेच टाकले होते, घाईच्या माणसासारखे. एकेक टीप उघडायची, महिना लिहायचा, पुढे सरकायचं. जळगावातल्या, मेहरूणच्या त्या दोन खोल्यांत पंख्याचा आवाज होता, पोरीच्या श्वासाचा आवाज होता, आणि शिल्पाचा एक कान कायम त्या श्वासाकडे असायचा. जरा घरघरला की ती उठून कपाळाला हात लावून यायची. त्रेसष्टाव्या टिपेशी बोटं आली आणि त्यांनी आपोआप ‘९ डिसेंबर २०२२’ असं लिहिलं. ही तारीख बोटांनी इतक्या वेळा लिहिली होती, लसीच्या कार्डावर, आधारच्या अर्जावर, बालवाडीच्या फॉर्मवर, की ती लिहून झाल्यावरच डोळ्यांना दिसली. भूमिकाच्या जन्माची तारीख. तिच्या आधी लिहिलं होतं: मुलाखत, मंदाबाई, वय ६१, देवपूर, धुळे.

मंदाबाई म्हणजे तिची आई. प्रशील म्हणजे तिचा भाऊ, चार वर्षांनी मोठा, धुळ्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर कायदा शिकवणारा, आणि नऊ महिन्यांपूर्वी काविळीने नऊ दिवसांत गेलेला. प्रबंध अपुराच राहिला. त्याचे मार्गदर्शक योगेंद्र सर म्हणाले होते, पदवीचं आता काही करता येत नाही ताई, पण तिसरं प्रकरण लेख म्हणून त्याच्या नावाने छापू. टिपा मात्र आमच्या पद्धतीत बसवून द्या, तुम्हीही एलएल.बी. आहात, तुम्हाला कळतं त्यातलं. तिला कळत होतं. प्रशीलनेच शिकवलं होतं, देवपुरातल्या घराच्या गच्चीवर, ती पहिल्या वर्षाला असताना. पान क्रमांक नसलेला संदर्भ म्हणजे गल्ली न सांगता दिलेला पत्ता, माणूस होळीच्या भोंगऱ्या बाजाराच्या गर्दीत फिरत बसतो. ‘तत्रैव’, म्हणजे वरच्याच टिपेतला संदर्भ, कधी लिहायचं, कधी नाही. आणि मध्ये नवी टीप घुसवली की खालचं ‘तत्रैव’ भलत्याच माणसाकडे बोट दाखवतं, ते कसं सांभाळायचं. तळटीप कोण वाचतं रे दादा, ती कंटाळून म्हणायची. दोनच जणं, तो म्हणायचा, एक लिहिणारा आणि एक ज्याला चूक काढायचीय तो.

तिला चूक काढायची नव्हती. पण चूक समोर होती आणि ती नजरेआड करता येईना. त्या दिवशी, नऊ डिसेंबरला, आई सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत तिच्याजवळ होती. देवपुरातल्या त्या लहानशा प्रसूतिगृहात, बाळंतपणाच्या खोलीत, तिच्या उशाशी. एकच बाई आत थांबू शकेल, असं नर्सने सांगितलं होतं आणि आई थांबली होती, जेवायलाही न उठता. आणि प्रशील धुळ्यात नव्हताच. तो परीक्षेच्या ड्युटीला शहाद्याला गेला होता. रात्रीचं जेवण झाल्यावर आला तो, दारात उभा राहून हसला, भाचीला लांबूनच बघितलं. मग त्याने आईची मुलाखत घेतली कधी? प्रश्न तिने स्वतःलाच विचारला आणि त्याचं उत्तर यायच्या आत ती वही शोधायला उठली. प्रशीलची वही तिच्याकडेच होती, लॅपटॉपच्या पिशवीत आलेली. निळ्या शाईत बावीस बायका. प्रत्येकीचं नाव, गाव, तारीख, किती वेळ बोलली, कुणाच्या समोर बोलली, खाली सही किंवा अंगठा. साक्री, शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर. भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलेल्या बावीस बहिणी. तिने वही पुढून मागे आणि मागून पुढे दोनदा चाळली. तेविसावी नव्हती. आईचं नाव वहीत कुठेच नव्हतं.

आणि लेख उभा होता तो आईवरच. बाकीच्या बावीस जणींचं मिळून दोन पानांत आटोपलं होतं, आकडे आणि टक्केवारी. आईला त्याने अख्खा परिच्छेद दिला होता, तिच्याच शब्दांत. ‘सही केली तेव्हा मला सातवा महिना होता. भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, म्हणाला, बहीण, कचेरीत एक काम आहे. साक्रीला नेलं. कागद वाचून दाखवला नाही. मी म्हटलंही नाही वाचा म्हणून. म्हटलं असतं तर भाऊ म्हणाला असता, तुझा माझ्यावर भरोसा नाही का? आणि भरोसा नाही, असं सख्ख्या भावाला कोणती बहीण म्हणेल? परत येताना त्याने उसाचा रस पाजला. मी दोन ग्लास प्याले.’ शिल्पाने तो परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा रस येईपर्यंत नीट वाचला होता आणि रसाशी आल्यावर स्क्रीन बंद करून स्वयंपाकघरात गेली होती. सातव्या महिन्यात आईच्या पोटात आपणच होतो, हे तिला माहीत होतं. मामाचं शेत तिने पाहिलं होतं. आईने हे कधी सांगितलं नव्हतं, तिला तरी नाही. दादाला सांगितलं असेल, दादा लाडका, असं वाटून तेव्हा थोडं लागलंही होतं. आणि लेखाचा सगळा युक्तिवाद, म्हणजे जिथे नकार देणं हाच अविश्वास ठरतो तिथे दिलेली संमती कायद्याने कितीही पक्की असली तरी मोकळी नसते, हा त्या एका वाक्यातून फुटलेला होता. शेवटच्या पानावर तेच वाक्य पुन्हा वर आलं होतं. आता ते वाक्य आईने म्हटलं होतं की प्रशीलने आईच्या तोंडी घातलं होतं, हे तिला कळत नव्हतं. वर्गात तो मुलांना सांगायचा, खोटी टीप देणारा आणि खोटा साक्षीदार आणणारा यांत फरक एवढाच, की पहिल्याला कुणी पकडत नाही.

तिने योगेंद्र सरांना फोन लावला. आवाज अगदी हळू ठेवून, पोर उठू नये म्हणून, आणि खरं तर बोललेलं स्वतःलाही ऐकू येऊ नये म्हणून. सरांनी ऐकून घेतलं. “प्रशील असं करणारा नाही, ताई. तारीख चुकली असेल.” त्यांच्या ‘असेल’वर तिचा कान अडकला. “आईंना विचारून घ्या ना. सोमवारी अंक छपाईला जातोय. खात्री नसेल तर तो परिच्छेद आपण काढू, मग शेवट थोडा उघडा पडेल, पण चालवून घेऊ.” चालवून घेऊ. तिने फोन ठेवला. आईला फोनवर विचारता येण्यासारखं ते नव्हतं. प्रशील गेल्यापासून आई त्याचं नाव घेत नव्हती. त्याच्याविषयी बोलायचं झालं तर ‘तो’ म्हणायची, आणि तेही क्वचित.

शनिवारी सकाळच्या एसटीने ती निघाली. किरणने जाताना बजावलं होतं, “भूमीला खिडकीशी बसवू नको, लू लागेल. आणि पाणी घरचंच पाज.” तिला हसू आलं होतं, कारण हे सगळं तिचंच बोलणं होतं, नवऱ्याच्या तोंडून परत आलेलं. पिशवीत उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, थर्मामीटर, साखर-मिठाची पुडी, जादा फ्रॉक. मांडीवर भूमिका, अडीच वर्षांची, समोरच्या बाईच्या बांगड्या मोजत होती, एक, दोन, चार, चार. पारोळ्यापर्यंत शिल्पा काही विचार करायचा नाही असं ठरवून बसली होती, पण विचार करायचा नाही म्हटलं की नेमकं तेच येतं. तिला आपण दादाला बोललेलं आठवत होतं. एकूण एक. पहिल्यांदा बोलली ती बारशाला, सगळ्यांसमोर, हसत: आमच्या पोरीच्या जन्माला अख्खं देवपूर होतं, मामा तेवढा शहाद्याला पेपर वाटत होता. सगळे हसले, तोही हसला, कानाची पाळी खाजवत. मग ते तिच्या तोंडात बसलं. जावळ काढताना भूमिकाला त्याच्या मांडीवर बसवलं तेव्हा: चला, आज तरी मामाला सुट्टी मिळाली. राखीला: ओवाळणी राहू दे, ड्युटी नाही ना आज? प्रत्येक वेळी चेष्टेत. आणि प्रत्येक वेळी खाली, चेष्टेच्या खाली, ती खरंच दुखावलेली असायची, आणि त्याला ते कळतंय हे पाहून तिला बरंही वाटायचं. तेरा तास ती तिथे ओरडत होती. एकाच घरात वाढलेला, सायकलवर पुढे बसवून शाळेत नेणारा भाऊ, आणि त्याला परीक्षेतून एक दिवस काढता येऊ नये. किरणला सावद्याहून यायला उशीर झाला ते तिने माफ केलं होतं. किरण परका होता, म्हणजे नंतर आलेला होता. दादाला माफ केलं नव्हतं.

त्याच्या आजारपणात ती एकदाच गेली, एकटी. काविळीचा संसर्ग पोरीला होईल या धास्तीने भूमिकाला शेजारच्या मयुरीकडे ठेवून गेली. तो म्हणाला, भूमीला का नाही आणलंस, आणि लगेच म्हणाला, बरं केलंस नाही आणलं. डोळे पिवळे जर्द होते. मग पुढचे दिवस फोन. फोनवर तो एकच विचारायचा, “टिपा बघितल्यास का गं तू?” आजारपणाच्या तीन-चार महिने आधी त्याने प्रकरण मेल केलं होतं, वेळ मिळेल तेव्हा टिपा तेवढ्या तपास म्हणून. तिने उघडलंही नव्हतं. पोर, पोरीचा खोकला, घर. “आधी बरा हो, मग टिपा,” ती म्हणायची. शेवटच्या फोनला ती जरा वैतागूनच म्हणाली होती, “दादा, मरायला टेकलेला माणूससुद्धा टिपांचं विचारत नाही रे.” असं आपण का म्हणालो, हे तिने या नऊ महिन्यांत किती वेळा स्वतःला विचारलं असेल. तेव्हा तो मरायला टेकलाय हे तिला माहीत नव्हतं, एवढंच त्याचं उत्तर होतं, आणि ते पुरत नव्हतं. आता बसमध्ये, मांडीवर झोपेने जड झालेलं पोर घेऊन, तिला वाटलं की तो घाबरला असेल. खोटी टीप तशीच राहून जाईल, कुणाच्या हाती लागेल, म्हणून विचारत असेल. बहिणीने गुपचूप दुरुस्त करावी म्हणून. हे तिला पटलंच, आणि भाऊ खोटा निघाला तर त्याचं दुःख करायचं की तो गेल्याचं, हे तिला कळेना. दोन्ही एकदम करता येतील असं वाटेना.

देवपुरात घराचं दार उघडंच होतं. आई धुळ्यात पस्तीस वर्षं राहून बाहेरच्यांशी शहरी बोलायची आणि घरात अहिराणी, आणि मन जड झालं की दोन्हींची मिसळ. “इतला उनमा पोरले कसाले लई उनी?” असं, पोरीला उन्हातून आणल्याबद्दल रागे भरत, तिने भूमिकाला उचलून घेतलं, ओल्या पदराने तिचं तोंड पुसलं, मग शिल्पाकडे बघितलं. “तू वाळली.”

“नाही गं. तशीच आहे.”

“आरसा नही का जळगावले?”

जेवणं झाली. पोर जमिनीवर गार फरशीला गाल लावून झोपलं. शिल्पाने लॅपटॉप काढला. तो प्रशीलचाच होता, कोपऱ्यात कॉलेजचं गोल चिकटपत्र, आणि तो दिसल्याबरोबर आई उठून ओट्याशी गेली, धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. शिल्पा तिच्या पाठीशी बोलली. तिने ठरवलं होतं सावकाश विचारायचं, पण सरळ वाचायलाच सुरुवात केली. सातवा महिना. ट्रॅक्टर. साक्री. भरोसा. भांड्यांचा आवाज थांबला. रसाच्या दोन ग्लासांशी येईपर्यंत घरात नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

“हे तू दादाला कधी सांगितलंस, आई?”

आई वळली नाही. “त्यानी माले कधीच इचारं नही.”

शिल्पाला वाटलं, झालं. संपलं. बसमध्ये ज्याची भीती होती ते इतक्या साध्या पाच शब्दांत आलं.

“मग हे त्याने मनाने लिहिलं?”

“मनाने कसाले?” आईने नळ बंद केला. “माझंच शे ते. शब्दाला शब्द. मी सांगेल शे, पन त्याले नही. तुले.”

“मला?”

“तुले. दवाखानामा. तू वरडी ऱ्हायनी व्हती, बाई. मला सुधरेना काय करू. म्हटलं, काहीतरी बोलत राहावं, तिचं ध्यान तरी दुसरीकडे लागेल. देवाधर्माचं काही सुचेना, मग तोंडाला येईल ते बोलत गेले. माहेर, शेत, भाऊ, बठ्ठं. आयुष्यात एकच दाव बोलले मी ते. तू माझा हात असा धरला होता, की बांगडी फुटली.”

बांगडी तिला आठवत होती. आवाजही आठवत होता, आईचा, न थांबणारा, शिलाई मशिनीसारखा एका लयीत चाललेला, ज्याला धरून ती एका कळेतून दुसऱ्या कळेत जात होती. पण शब्द नव्हते. शब्दांच्या जागी हिरवा पडदा होता, दारावरचा, पंख्याने हलणारा, आणि त्याच्याखाली दिसणारी बाहेरच्या फरशीची पट्टी, लोकांच्या चपला. आईने ओल्या हातांनीच खाली बसकण मारली, भिंतीला टेकून, झोपलेल्या पोरीच्या पायाशी. बराच वेळ ती पोरीचे तळवे पदराने पुसत राहिली, स्वच्छच होते तरी.

“तो उना व्हता, शिल्पा.”

“आला होता? कुठे?”

“तठेच. दाराबाहेर. सकाळी नऊपासून. डबा घेऊन आला मला, नर्सने आत येऊ दिलं नाही, तर पडद्याआड उभा राहिला. मी दोनदा म्हटलं, जा घरी. गेला नाही. शहादा-बिहादा काही नाही. ड्युटी त्यानी दुसऱ्याला देऊन दिली होती.” आईचा आवाज सपाट होता, हिशेब लागत नसलेल्या गोष्टी सांगताना होतो तसा. “दुपारच्याला तू लई वरडली. मी बाहेर डोकावले तर भिताडाला टेकून खाली बसलेला, तोंडावर रुमाल. मला म्हने, आई, माझ्यानं नही ऐकाय जात. मी म्हटलं, जा बाबा, जा, पुरुषाचं काम नाही. तो गेला तो पांझरेच्या पुलावर बसून राहिला. रातला आला तेव्हा मला मोरीत गाठून म्हने, तिले सांगू नको. मी म्हटलं, का रे? म्हने, लाज वाटते. तिथून पळून आलो म्हणून.”

“आणि तू नाही सांगितलंस.”

“नही.”

“मी त्याला काय काय बोलायचे. तुझ्यासमोर.”

“ऐकायचे ना मी.”

“एकदा तरी सांगायचंस, आई.”

“सांगितलं असतं, तर तो तुझ्यासमोर बसला नसता परत.” आईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “तू बोलायची ते त्याले चालायचं. तू कीव केली असती, ते नसतं चाललं. आणि तो गेल्यावर कोणत्या तोंडाने सांगू? मेलेल्या माणसाचं गुपित आपल्या हातात राहतं, ते फोडून काय भेटतं?”

शिल्पा स्क्रीनकडे बघत राहिली. बहिणीशी खोटं बोलला होता तो. शहादा सांगितलं होतं, परीक्षा सांगितली होती, कुणाची तरी कॉपी पकडली त्याची गोष्टसुद्धा रचून सांगितली होती, ती हसली होती त्या गोष्टीवर. पावणेदोन वर्षं ते खोटं सांभाळलं होतं, टोमणे खाऊन. पण टिपेत खोटं लिहिणं त्याला जमलं नव्हतं. ऐकलं त्या दिवसाचीच तारीख त्याने लिहिली होती. दुसरी कुठलीही टाकता आली असती, आईजवळ एकदा बसून रीतसर विचारता आलं असतं. ते त्याने का केलं नाही, आईला पुन्हा तोंड उघडायला लावायचं नव्हतं म्हणून की काय, ते आता कुणी सांगणार नव्हतं. आणि मग त्याने ते प्रकरण तिला पाठवलं. टिपा तेवढ्या तपास. सर्वांत आधी या तारखेवर कोण थांबेल, हे त्याला माहीत नसेल का? टिपा बघितल्यास का गं तू? बघितल्यास का? तिने उघडलं असतं, चार महिन्यांत एकदा, कुठल्याही दुपारी, पोर झोपलेलं असताना, तर आज जे आईकडून कळलं ते तिने त्यालाच फोन करून विचारलं असतं, आणि तो कानाची पाळी खाजवत काहीतरी म्हणाला असता. काय म्हणाला असता, हे ती आता कितीही वेळ इथे बसली तरी तिला सुचणार नव्हतं. तिने ओठ दाबून धरले. पोर जवळ असताना ती रडत नसे. आई रडताना दिसली की मुलं घाबरतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

सरांचा फोन आला तेव्हा चार वाजले होते. तिने सांगितलं, थोडक्यात, जेवढं परक्याला सांगता येतं तेवढं. तारीख खरी आहे. शब्द खरे आहेत. आई मला सांगत होती, दादाने दाराबाहेरून ऐकलं.

“दाराबाहेरून,” सर म्हणाले. कागद चाळल्याचा आवाज आला. “ताई, मला पटतं. पण छापायचं कसं? याला मुलाखत म्हणता येत नाही. नोंद नाही, सही नाही. उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तो नाही. मी सुचवू का? आई समोर आहेत ना? आज तुम्ही घ्या त्यांची मुलाखत. त्यांनी तेच सांगितलं तर लिहून घ्या, सही घ्या. आजची तारीख टाका, घेणाऱ्या म्हणून तुमचं नाव, मी चौकटी कंसात संपादकीय टीप करून टाकतो. परिच्छेद राहील, शेवट राहील, त्याचा लेख वाचेल.”

“आणि जुनी तारीख?”

“ती जाईल. दोन्ही कशा ठेवणार? नाहीतर मग परिच्छेदच काढावा लागेल. तुम्ही ठरवा.”

तिने फोन खाली ठेवला. ठरवण्यासारखं असं काही नव्हतंच, आणि तरी तिला तो दिवस हातातून सोडवेना. ही तारीख कागदावर राहिली तर तो तिथे होता. दुसरीकडे कुठेही तो तिथे नव्हता. रुग्णालयाच्या रजिस्टरात नाही, एकाही फोटोत नाही, तिच्या स्वतःच्या आठवणीत तर नाहीच. जगात त्याच्या त्या दिवसाची एवढीच एक नोंद होती, बारीक अक्षरातली, पानाच्या तळाशी. ती ठेवायची तर आईचं बोलणं पुसावं लागणार होतं. एकदाच बोललेली आई. तिला वाटलं, दादा असता तर काय केलं असतं, आणि लगेच कळलं की हे विचारायची गरज नाही. लेख कुणासाठी लिहिला ते त्याने पानभर लिहून ठेवलं होतं.

“आई, हे पुन्हा सांगशील? मला. लिहून घ्यायचंय.”

आईने नकार दिला असता तर बरं झालं असतं, असं शिल्पाला पुढे कितीतरी दिवस वाटत राहणार होतं. पण आईने पदर सारखा केला आणि ती म्हणाली, “त्याच्या नावाने छापून येईल?”

“हो.”

“मग लिही.”

आणि ती सांगू लागली, शहरी मराठीत, सावकाश, तलाठ्यासमोर बोलावं तशी. सातवा महिना. ट्रॅक्टर. शिल्पा टाइप करत नव्हती, समोरच्या परिच्छेदावर बोट ठेवून ओळ ओळ खाली नेत होती. वाचून दाखवला नाही. मी म्हटलंही नाही. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. भरोसा जिथे होता तिथे भरोसा आला. इतकं नीट ऐकलं होतं त्याने, दारात उभं राहून, ती किंचाळत असताना, तिच्या किंकाळ्या बाजूला सारत त्याने आईचा एकेक शब्द वेचून घेतला होता. की आधी तिच्याच किंकाळ्या ऐकत होता आणि त्या ऐकवेनात म्हणून आईचे शब्द धरून बसला होता, तिच्यासारखाच. दोघंही एकाच आवाजाला धरून होती, पडद्याच्या दोन बाजूंना. रसापाशी आल्यावर आई थांबली. “दोन ग्लास प्याले,” ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, जे त्या परिच्छेदात नव्हतं ते: “गोड होता.”

हे शिल्पाने लिहिलं नाही. वहीचं नवं पान काढून तिने निळ्या शाईत आईचं नाव लिहिलं, गाव, वय आता त्रेसष्ट, वेळ, आणि खाली तिचं सांगणं शब्दाला शब्द. आईने सही केली. ती सही करताना वाचत होती. चष्मा मागून घेऊन, बोट फिरवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं तिने, आणि मग सही केली. भूमिका जागी होऊन डोळे चोळत आजीच्या मांडीवर चढली आणि पेन मागू लागली.

शिल्पाने टीप उघडली. डिसेंबर पुसायला कळ दाबून धरली आणि अक्षरं एकेक करत मागे गेली. मुलाखत, मंदाबाई, वय ६३, देवपूर, धुळे, १४ जून २०२५, घेणार: शिल्पा. तिने फाइल पाठवली. दहा मिनिटांत सरांचं उत्तर आलं. ‘मिळाला. आता निर्दोष आहे.’

“काय म्हने?” आईने विचारलं.

“छापतील म्हणतात.”

“टिपा बरोबर शेत का त्याच्या?”

“बरोबर आहेत,” शिल्पा म्हणाली. पोर लॅपटॉपच्या झाकणावर हात आपटत होतं, तो हात तिने धरला आणि धरूनच ठेवला. नऊ डिसेंबरला मामा आला नव्हता, असं ती इतके दिवस सगळ्यांना सांगत होती. आता छापून येईल त्यातही तो आलेला नव्हता, आणि हे तिनेच लिहून दिलं होतं.